आमची वाटचाल : बोळातली मिरची

नंदुरबारला माणिक चौकाकडून आत वळलात की आमचा बोळ लागतो. पाटी शोधू नका, पहिली शिंक आली की पोचलात. समोरून सायकल आली तर एकाने ओट्यावर चढायचं, ही इथली जुनी रीत. आमचा मिरची-मसाल्याचा धंदाही या रुंदीवरच बेतला गेला.

आजोबांनी एका उखळावर सुरुवात केली. बैलगाडी बोळाच्या तोंडाशी थांबायची, पोती डोक्यावरून आत यायची. दोन्ही बाजूंना धाब्याची घरं, एकमेकांना चिकटलेली. दुपारी आजी, समोरची अहिराणी बोलणारी मावशी आणि शेजारच्या गुजराती बा ओट्यावर बसून मिरचीचे देठ खुडायच्या. हात भगभगले की तेल चोळायच्या. काळ्या मसाल्याचं प्रमाण तिथेच ठरलं. मावशीला लसूण हवाच, बांना चालायचा नाही. म्हणून आजही आमच्याकडे दोन मसाले आहेत, एक लसणाचा, एक बिनलसणाचा.

९ सप्टेंबर १९४२ ला चौकात गोळीबार झाला. १५ वर्षांच्या शिरीषकुमार मेहतासह पाच जण गेले. चौकातून पळत आलेल्या पोरांना बांनी मागच्या दाराने काढून दिलं, असं आजी सांगायची. सप्टेंबर आला की तिला ते आठवायचंच.

वडिलांनी कांडप यंत्र आणलं. दहा एचपीची मोटर वळणावर अडकली, ना पुढे ना मागे. शेवटी परत पाठवली आणि साडेसातची घेतली. एका बँकेने ‘टेम्पो आत जात नाही’ म्हणून कर्ज नाकारलं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, मोठी मोटर घेतली असती तर वर्षातले सात महिने ती बसूनच राहिली असती.

माल मात्र बोळात वाळत नाही. ओली लाल मिरची गावाबाहेर पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागेवर, पसरतो. चार किलोची वाळून जेमतेम किलोभर उरते. एका वर्षी अवकाळी आला, ताडपत्री टाकेपर्यंत अर्धी पथारी भिजली. काळी पडलेली मिरची दळून खपवता आली असती, रंग टाकून तर सहज. वडिलांनी ती उकिरड्यावर टाकली आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

१ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला. पुढे गावाबाहेर कॉलन्या वाढल्या आणि बोळातली माणसं एकेक करून तिकडे गेली. बांचं घर बंद आहे, किल्ली आमच्याकडे असते. त्यांचा नातू सुरतहून बिनलसणाचा मसाला मागवतो. कुरिअरवाला आत यायला तयार नसतो, मग मीच पार्सल घेऊन तोंडाशी जातो.

घरची मिरची दळायला आणणार असाल तर कडक वाळवून आणा. सादळलेली जाळीत अडकते, ती मी परत पाठवतो.