पिवळ्या लोकलने अराशीच्या मागावर

तोक्योत चुओ-सोबू मार्गावर पिवळ्या पट्ट्याची लोकल धावते. अराशी या पाच जणांच्या बँडची कारकीर्द जागेवर जाऊन बघायची असेल, तर हीच गाडी धरावी. सुइदोबाशीला उतरलं की समोर तोक्यो डोम हे बंदिस्त स्टेडियम. तिथून पाचवं स्टेशन सेंदागाया, आणि बाहेर पडून थोडं चाललं की राष्ट्रीय स्टेडियम. सुइका या प्रवासाच्या प्रीपेड कार्डावर किरकोळ भाड्यात हा प्रवास होतो. या दोन जागा लागोपाठ पाहिल्या की अराशीचं खरं काम लक्षात येतं. प्रेक्षागृहं मोठी होत गेली, तसा शेवटच्या रांगेतला माणूस दूर जात गेला, आणि ते अंतर कापण्यासाठी या मुलांनी वीस वर्षं डोकं लावलं. माझ्या मते त्यांची गाणी जितकी ऐकावी तितकंच हे कामही बघावं.

सुरुवात मात्र जपानबाहेरची. 15 सप्टेंबर 1999 रोजी होनोलुलूजवळच्या समुद्रात, एका जहाजावर बँडची घोषणा झाली. ओनो सातोशी, साकुराई शो, आइबा मासाकी, निनोमिया काझुनारी आणि मात्सुमोतो जुन ही पाच नावं. अराशी म्हणजे वादळ. 3 नोव्हेंबरला पहिलं सिंगल आलं आणि ते त्या वर्षीच्या व्हॉलीबॉल विश्वचषकाच्या प्रक्षेपणाला जोडलेलं होतं. जॉनीज या त्यांच्या एजन्सीची आपले बँड असेच पुढे आणायची ठरलेली पद्धत होती: 1995 च्या विश्वचषकाला व्ही सिक्स, 1999 ला अराशी, 2003 ला न्यूज. सामने रोज टीव्हीवर, त्यामुळे नवीन चेहरे आठवड्याभरात घरोघरी पोचत.

पण अशी ओळख स्पर्धा संपली की ओसरते. पुढची काही वर्षं अराशीसाठी मंदच होती. 2002 पासून त्यांची सिंगल्स जे स्टॉर्म या त्यांच्यासाठीच काढलेल्या लेबलवरून येऊ लागली. 2005 मध्ये मात्सुमोतो असलेली 'हाना योरी दांगो' ही मालिका गाजली, तिचं शीर्षकगीत अराशीचं होतं, आणि तिथून वारं फिरलं. 2009 मध्ये, दहाव्या वर्षी, त्यांचा निवडक गाण्यांचा अल्बम जपानमध्ये वर्षातला सर्वाधिक खपाचा ठरला. त्याच वर्षअखेरीला ते एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या कोहाकु या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा उतरले आणि 2010 ते 2014 अशी सलग पाच वर्षं त्यांनी तिथे सूत्रसंचालन केलं.

आता डोमकडे वळू. तोक्यो डोम 1988 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या छताला खांब नाहीत. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा 0.3 टक्के जास्त ठेवतात, त्यावर ते कापडी छत तरंगतं. म्हणून आत जाताना फिरती दारं लागतात. कार्यक्रम संपल्यावर मोठी दारं उघडली की आतली हवा गर्दीसकट बाहेर झेपावते. टोपी, सीटची चिठ्ठी, आवडत्या गायकाचं नाव लिहिलेला कागदी पंखा हे सगळं दाराआधीच बॅगेत घालावं, नाहीतर हातातून सुटतं. काचेच्या बाटल्या आणि कॅन आत नेता येत नाहीत; पेय प्रवेशद्वारावर कागदी पेल्यात ओतून देतात. मोठी सुटकेस असेल तर ती हॉटेलवरच ठेवा. कॉन्सर्टच्या दिवशी सुइदोबाशीचे लॉकर दुपारच्या आधीच भरलेले असतात.

बाहेर पडणंही टप्प्याटप्प्याने होतं. ब्लॉकचा नंबर पुकारेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. त्यामुळे रात्रीची शिनकानसेन (बुलेट ट्रेन) धरायची असेल तर हिशेब चुकतो. सुइदोबाशीच्या फलाटावर तेव्हा मुंगीलाही जागा नसते. कोराकुएन किंवा कासुगा मेट्रो बरी, आणि पायात बळ असेल तर सरळ इइदाबाशीपर्यंत चालत जावं.

या आकाराच्या जागेत, सुमारे पंचावन्न हजार लोकांमध्ये, मागच्या बाल्कनीतून गायक करंगळीएवढा दिसतो. 2005 च्या टूरमध्ये मात्सुमोतोच्या कल्पनेतून हलता स्टेज आला. पाचही जण ज्यावर नाचताहेत तो अख्खा मंच प्रेक्षकांच्या डोक्यावरून सरकत मागच्या टोकाला जातो. अडचण उघड आहे: खाली बसलेल्यांना तेवढा वेळ फक्त मंचाचं पोट दिसणार. म्हणून मंचाची जमीन पारदर्शक केली. खालून मान वर केली की बुटांचे तळवे आणि त्यांच्यावरचे नाचणारे पाय दिसतात. त्या रांगांतले लोक तेव्हा पंखे खाली ठेवून नुसते वर बघत राहतात. आज जपानमधल्या मोठ्या कॉन्सर्टमध्ये हे तंत्र सर्रास दिसतं. ते इथून रुजलं, याचं श्रेय मला फार मोठं वाटतं.

दुसरी युक्ती 2014 च्या 'डिजिटॅलियन' टूरमधली. प्रेक्षकांच्या हातातले दिवे एका जागेवरून नियंत्रित केले, आणि सगळं प्रेक्षागृह एका रंगात किंवा एका चित्रात उजळलं. प्रत्येक दिवा त्या त्या सीटशी जोडलेला असेल तरच चित्र नीट उमटतं. मैत्रिणीशेजारी बसायला म्हणून जागा बदलली, की निळ्याच्या मध्येच एक लाल ठिपका उठतो. सेल नवे घालून जावं. अर्ध्यात दिवा मंदावला तर तुमच्या जागी भोक पडतं.

कागदी पंख्याचेही नियम आहेत. अधिकृत मोठा उचिवा 28.5 सेंटिमीटर उंच आणि 29.5 सेंटिमीटर रुंद. घरी केलेला त्याहून मोठा नको, कडेला चिकटवलेली सजावट नको, आणि धरायचा तो छातीशी. वर उचलला की मागच्या माणसाचा कार्यक्रम बुडतो. काळा कोरा पंखा आणि चिकटवायची अक्षरं शंभर येनच्या दुकानात मिळतात. अक्षरं मोजकी आणि जाड ठेवावीत, भोवती पांढरी किनार द्यावी. रंग आपल्या आवडत्या गायकाचा: ओनो निळा, साकुराई लाल, आइबा हिरवा, निनोमिया पिवळा, मात्सुमोतो जांभळा. लांबलचक वाक्य लिहिलेला पंखा स्टेजवरून कुणालाही वाचता येत नाही.

तिकिटाचं स्पष्ट सांगतो. या एजन्सीच्या कॉन्सर्टची तिकिटं मुख्यतः फॅन क्लबच्या सोडतीतून मिळतात, तिकीट नावावर असतं आणि दारात फोटोसह ओळखपत्र मागू शकतात. सीट कुठली, हे आत शिरताना कोड स्कॅन झाल्यावर निघणाऱ्या चिठ्ठीवर कळतं. जून 2019 पासून जपानमध्ये तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्ध कायदा लागू आहे. चढ्या भावाने दुसऱ्याच्या नावाचं तिकीट घेऊन एवढा प्रवास करू नका. दारातून परत पाठवतात आणि पैसेही जातात.

सेंदागायाचं जुनं राष्ट्रीय स्टेडियम 2015 मध्ये पाडलं. अराशीने तिथे 2008 ते 2013 दरवर्षी कार्यक्रम केले. आजची वास्तू 2019 ची, केंगो कुमा यांच्या रचनेतली. छज्जांना सर्व 47 प्रांतांमधलं लाकूड वापरलंय, ते बाहेरून चालत फिरूनही पाहता येतं. 2020 मध्ये अराशीने इथेही कार्यक्रम केला, पण कोविडमुळे प्रेक्षकांविना, आणि तो 3 नोव्हेंबरला ऑनलाइन दाखवला. ज्यांनी शेवटच्या रांगेसाठी एवढा आटापिटा केला त्यांच्यासमोर सगळ्याच रांगा रिकाम्या, हे फार चटका लावणारं होतं. आतून बघायचं तर स्टेडियमची सशुल्क फेरी असते. सामने आणि कार्यक्रमांच्या दिवशी ती बंद, म्हणून आधी वेळापत्रक पाहावं.

याच दिवसात राजवाड्यासमोरचं मैदानही बसतं. तोक्यो स्टेशनच्या मारुनोउची बाजूने चालत जावं. 9 नोव्हेंबर 2019 रोजी सम्राट नारुहितो यांच्या राज्यारोहणाच्या उत्सवात अराशी इथे गायले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी 2020 अखेर काम तूर्त थांबवायचं जाहीर केलं होतं. त्या सुमाराची '5×20' टूर 50 कार्यक्रमांची झाली, प्रेक्षक 23 लाख 75 हजार, आणि त्याच नावाचा अल्बम 2019 मध्ये जगात सर्वाधिक खपला.

हाताशी दिवस असतील तर पश्चिमेकडचा कानसाई भाग गाठा. शिगा प्रांतातल्या रित्तो गावी ओनो मंदिर आहे. ओनोच्या आडनावामुळे चाहत्यांची तिथे रीघ लागते. क्योतोहून बिवाको मार्गाने कुसात्सु, तिथे गाडी बदलून पुढचंच स्टेशन तेहारा. पुढे बस, पण ती फार विरळ, म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्या टिपून घ्यावी. मंदिराचं दुमजली द्वार कामाकुरा काळातलं (बारावं ते चौदावं शतक) आहे. ते पाहायला लोक विसरतात आणि थेट एमा या लाकडी पाट्यांकडे धावतात. पाट्यांवर मागणी बहुतेक एकच: तिकीट लागू दे. देवनागरीत लिहिलेलंही चालतं. दुसऱ्यांच्या पाट्यांवर नावं, गावं असतात. त्यांचे जवळून फोटो काढून टाकू नयेत. नमस्काराची रीत म्हणजे दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं. निनोमियाच्या चाहत्यांसाठी कोबेत सान्नोमियापासून चालत निनोमिया मंदिर, आणि साकुराईसाठी थेट क्युशू बेटावर इतोशिमाचं साकुराई मंदिर, 1632 चं.

हवाईत को ओलिना इथे 2014 च्या सप्टेंबरात त्यांनी पंधराव्या वर्षाचे दोन कार्यक्रम केले. मंच तात्पुरता उभारलेला होता. केवळ तो पाहायला तिथवर जाऊ नये.

एजन्सीबद्दल न बोलता पुढे जाणं मला पटत नाही. संस्थापक जॉनी कितागावा यांनी मुलांचं लैंगिक शोषण केलं, हे एजन्सीने सप्टेंबर 2023 मध्ये मान्य केलं. कंपनीचं नाव बदललं आणि कलाकारांचं काम नव्या कंपनीकडे गेलं. एप्रिल 2024 मध्ये अराशीच्या पाच जणांनी स्वतःची कंपनी काढली. मे 2025 मध्ये त्यांनी जाहीर केलं की 2026 च्या वसंतातल्या टूरनंतर बँड कायमचा थांबेल.

परतताना कॉन्सर्टच्या डिस्क घ्यायच्या तर जुन्या वस्तूंची दुकानं स्वस्त पडतात. फक्त जपानी डीव्हीडी रीजन 2 ची असते आणि भारत रीजन 5 मध्ये येतो; ब्लू-रेचं तिकडे ए, आपल्याकडे सी. सगळे रीजन चालवणारा प्लेअर घरी असल्याची खात्री करूनच पैसे मोजा. गाणीच हवी असतील तर नोव्हेंबर 2019 पासून त्यांची सिंगल्स स्ट्रीमिंगवर आहेत.