कोचबाईंचा मंद चेंडू आणि पुणेरी मनगट

जो खेळ सिएटलसमोरच्या बेनब्रिज बेटावर १९६५ साली जन्माला आला आणि २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याने ज्याला आपला अधिकृत राज्यखेळ ठरवले, तो पिकलबॉल, म्हणजे पॅडलने प्लास्टिकचा चेंडू नेटपलीकडे मारण्याचा खेळ, येथे वॉशिंग्टनमध्ये राहून शिकण्यात विशेष काही नाही. विशेष आहे ती येथील शिकवण्याची पद्धत. तिच्याविषयी माझ्या मनात कौतुक आणि चीड यांचा जो झगडा चालला आहे, तो पुण्यातील बॅडमिंटनच्या सोबत्यांपुढे मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या कोचबाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांच्या वर्गात जोरात मारणे जवळजवळ निषिद्ध आहे. नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा जो पट्टा असतो, ज्याला सगळे किचन म्हणतात, त्यात चेंडू अलगद टाकायचा, समोरच्याने तो तितक्याच अलगद परत करायचा आणि हे बराच वेळ चालू ठेवायचे, हा त्यांचा नित्यपाठ. स्मॅश चुकला की हॉलभोवती फेऱ्या मारण्याची शिक्षा भोगून जो मोठा झाला, त्याला हा ज्येष्ठ नागरिक संघाचा कार्यक्रम वाटला तर त्यात त्याचा दोष नाही.

या मंदपणामागचे गणित मात्र विलक्षण आहे. सर्व्हिसचा टप्पा पडू द्यावा लागतो आणि तिच्या रिटर्नचाही टप्पा पडू द्यावा लागतो. त्यामुळे सर्व्हिस करणारी जोडी बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, अडकते आणि तेवढ्यात समोरची जोडी किचनच्या रेषेवर येऊन उभी राहते. अशा वेळी तिसरा फटका जोरात मारला, तर तो त्यांना आयता मिळतो. तोच चेंडू किचनमध्ये हळूच उतरला, तर त्यांना तो खालून उचलावाच लागतो, कारण किचनमध्ये टप्प्याआधी चेंडू मारण्यास, म्हणजे व्हॉलीला, मनाई आहे, इतकी की व्हॉलीच्या झोकात पाय रेषेला लागला तरी फॉल्ट होतो. तेवढ्या अवधीत मागची जोडी पुढे सरकते. पारंपरिक गुणपद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यांनाच मिळत असल्यामुळे हा एक फटका न येणारी जोडी सर्व्हिस मिळवते आणि लगेच गमावते.

कोचबाई तो शिकवतात तेव्हा त्यांचे मोठेपण दिसते. टोपलीभर चेंडू घेऊन त्या आधी आम्हाला किचनच्या रेषेवर उभे करतात, चेंडू नीट उतरू लागला की दोन पावले मागे नेतात, आणि असे करत करत बेसलाइन गाठतात. फटका चुकला की त्या एवढेच विचारतात, ‘चेंडू सर्वांत उंच कोठे होता?’ तो उंच बिंदू नेटच्या अलीकडे, आपल्याच बाजूला हवा, हे उत्तर विद्यार्थ्यालाच शोधावे लागते. पॅडलवरची पकड सैल करण्याचे महत्त्वही मला असेच उमगले. आपल्याकडे मला एकाही प्रशिक्षकाने प्रश्न विचारल्याचे आठवत नाही. अर्थात एका हॉलमध्ये चाळीस मुले असताना प्रश्न कोण विचारणार? सहा जणांच्या वर्गात संयम दाखवणे सोपे असते. शिवाय नेटमध्ये गेलेल्या चेंडूलाही शाबासकी देण्याची येथील सवय मला अजून पचलेली नाही.

खरा वाद मनगटाचा आहे. मनगट स्थिर ठेवा, हा कोचबाईंचा हुकूम ड्रॉपपुरता, म्हणजे किचनमध्ये हळूच उतरवायच्या त्या फटक्यापुरता, मला मान्य आहे, सर्वत्र नाही. पहिला पिकलबॉल त्याच्या जनकांपैकी एक असलेल्या जोएल प्रिचर्ड यांच्या घरच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टवर खेळला गेला आणि आजही कोर्टाचे माप तेच आहे, दुहेरी बॅडमिंटनचे ४४ बाय २० फूट. ज्या बॅडमिंटनला एके काळी ‘पूना’ म्हणत, त्याच्या या वंशजावर आपल्या मनगटाचा काही हक्क आहे की नाही? भारतात हा खेळ रुजवणारे सुनील वालावलकरही मुंबईचे मराठी गृहस्थच. नेटजवळ चौघांची चकमक सुरू झाली की टेनिसमधून आलेले येथील खेळाडू पूर्ण हात मागे नेतात आणि तेवढ्यात आपला बॅकहँड फ्लिक, म्हणजे मनगटाचा उलट्या हाताचा झटका, काम करून जातो.

परवा कोचबाईंनी तो फ्लिक मला वर्गासमोर करून दाखवायला सांगितला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी तो शिकवण्यास ठाम नकार दिला आणि आम्हाला पुन्हा किचनच्या रेषेवर धाडले.