कोकण किनाऱ्याची शालेय सहल: आधी तिथी बघा, मग तारीख ठरवा

अलिबाग, मुरूड-जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. रायगड जिल्ह्याच्या या पट्ट्यात दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत शेकडो बसगाड्या भरून मुलं येतात. सहल ठरवून देणाऱ्याने आमच्या शाळेच्या हातात जो कागद दिला त्यावर पहिल्या दिवशी 'सकाळी 9 कुलाबा किल्ला' आणि दुसऱ्या दिवशी 'सकाळी 10 हरिहरेश्वर प्रदक्षिणा' असं छापलं होतं. पहिल्या दिवशी तिथी द्वादशी होती. अलिबागच्या समुद्रातल्या या किल्ल्यात ओहोटीलाच चालत जाता येतं, आणि 9 वाजता तर त्याच्याभोवती भरतीचं पूर्ण पाणी. किनाऱ्यावर रांगेत उभी केलेली मुलं आणि समोर किल्ला, मध्ये समुद्र. ज्याने हे वेळापत्रक केलं त्याने पंचांग उघडलेलंच नव्हतं. पैसे मात्र 'कुलाबा दर्शना'सह घेतलेले.

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे आणि नेमका तोच इथे कामाला येतो. किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे: तिथीला 3 ने गुणा, 4 ने भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, प्रतिपदा 1 धरून मोजायचं, पौर्णिमा-अमावास्या 15. द्वादशी म्हणजे 12 गुणिले 3 भागिले 4, म्हणजे 9. दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी, ओहोटी मधोमध म्हणजे सव्वासहा तासांनी. म्हणजे त्या दिवशी पाणी तळाला जाणार दुपारी सव्वातीनला. हा हिशेब अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, बहुतेक वेळा पुढेच. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी मुंबई बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून पक्की वेळ लिहून घ्या. पण सहलीची तारीख ठरवायला तिथीचा हिशेब पुरेसा आहे.

आता कोणती तिथी घ्यायची? ओहोटी सकाळी उजेडात हवी, म्हणून बरेच जण सप्तमी-अष्टमी धरतात. ते चूक आहे. अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी असते. पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. ओहोटी भर दुपारी बाराच्या पुढे येते आणि किल्ल्याच्या वाटेवर तेव्हाही पाणी शिल्लक राहतं. पाचवी-सहावीच्या मुलांना त्यातून चालवू नका. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी उत्तम मागे जातं (उधाणाच्या मोठ्या दिवसांत इथे भरती-ओहोटीतलं अंतर चार मीटरांच्या पुढे जातं), पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी, साडेपाच-सहाच्या सुमारास. माझ्या मते चतुर्थी सर्वांत चांगली. भरती 3 वाजता, ओहोटी सव्वानऊ-दहाच्या दरम्यान, आणि उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो. तृतीयेच्या रात्री अलिबागला मुक्काम, चतुर्थीला सकाळी कुलाबा, दुपारी जंजिरा. पंचमीला खाडी ओलांडून श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वर, षष्ठीला सकाळी साडेदहा-अकराच्या ओहोटीत प्रदक्षिणा. सगळं बसतं.

कुलाब्याला ओहोटीच्या वेळेआधी दीड तास किनाऱ्यावर हजर राहा आणि पाणी तळाला गेल्यानंतर तासाभरात मुलं परत वाळूवर आणा. वाट खडकाची आहे, शेवाळामुळे निसरडी. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट हवेत. घोडागाडीवाले पाणी उतरलेलं असतानाही 'बाई, पोरं बुडतील' म्हणून घाबरवतात आणि जाण्या-येण्याचे वेगळे पैसे लावतात. ओहोटी नीट साधली तर गाडीची गरज नाही. आत गेल्यावर तटाचे दगड जवळून दाखवा. ते चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत, लाटेचं पाणी फटींतून शिरतं आणि बाहेर पडतं, त्यामुळे माराचा जोर तुटतो. विज्ञान आणि इतिहास दोन्हींचा तास इथेच होतो.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा बहुतेक शाळा चुकवतात. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाबा भागातली (हा किल्ला नव्हे) वेधशाळा 1904 मध्ये इथे हलवली. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या. आठवी-नववीसाठी ही जागा फार मोलाची आहे, पण शाळेच्या पत्रावर आधी परवानगी घ्यावी लागते. आयत्या वेळी दार उघडत नाही.

अलिबाग ते मुरूड पन्नासेक किलोमीटर, पण वाडीतल्या अरुंद रस्त्यांनी मोठ्या बसला दोन तास धरा. काशीदच्या आसपासच्या वळणांवर मुलं ओकतात. निघण्याआधी वडापाव नको, पोहे किंवा केळं चालेल. प्रत्येक रांगेत दोन पिशव्या आणि आवळा सुपारी ठेवा.

जंजिऱ्याला किल्ल्यापेक्षा होडीचा विचार जास्त करा. राजपुरीहून शिडाची होडी वाऱ्याप्रमाणे पंधरा-वीस मिनिटांत नेते. होडीत वीसेक माणसं बसतात, म्हणजे एका बसची मुलं दोन-तीन होड्यांत विभागली जातात. आणि इथे घोळ होतो: किल्ला बघायला मिळणारा पाऊण तास प्रत्येक होडीचा वेगळा मोजला जातो. शेवटची होडी पोचते तोवर पहिलीची हाकाटी सुरू होते. सगळ्यांची वेळ शेवटच्या होडीपासून मोजायची, हे धक्क्यावरच ठरवा. पाण्यात मध्यावर गेल्यावर गाईडचे माणशी पैसे मागितले जातात. तिथे वाद घालता येत नाही, समोर मुलं असतात. म्हणून चढण्याआधी मोठ्याने विचारा: जाणं, येणं, गाईड, सगळं धरून किती? आकडा पावतीवर लिहून घ्या.

खरा धोका दरवाज्याशी आहे. होडी हलत असते, पायऱ्या ओल्या, आणि एका उडीत पायरीवर यायचं असतं. ओहोटीला पायरी उंच पडते, भरतीच्या आसपास होडी आणि पायरी जवळ येतात. चतुर्थीचं गणित इथेही उपयोगी: भरती 3 ला, तर दुपारी 2 ची होडी घ्या. दप्तरं बसमध्ये ठेवा, दोन्ही हात मोकळे हवेत. एक शिक्षक पहिल्या होडीतून पुढे जाऊन पायरीवर उभा राहील, एक शेवटच्या होडीत शेवटी उतरेल. लाइफ जॅकेट लहान मापाची आहेत का ते आधी बघा; मोठ्यांचं जॅकेट पाचवीच्या मुलाच्या डोक्यातून निसटतं. नसतील तर किनाऱ्यावरून किल्ला दाखवा आणि पुढे चला. मी हे गंभीरपणे सांगते आहे.

मुरूडच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायला ठाम नाही म्हणा. 1 फेब्रुवारी 2016 ला इथेच पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, चौदा जीव गेले. ती मुलं आपल्या मुलांपेक्षा मोठी होती. वाळूत कबड्डी खेळा, शिंपले गोळा करा. पाय भिजवायचा हट्टही मान्य करू नका.

मग श्रीवर्धनकडे जायला खाडी ओलांडायची ती आगरदांडा-दिघी जेट्टी. मुलांना बसमधून उतरवून चालत फेरीबोटीत चढवा, बस रिकामी चढू दे. पूर्ण ओहोटीला रॅम्प तीव्र होतो आणि लांब बसचा मागचा भाग घासतो. आमच्या चालकाने म्हणूनच नकार दिला आणि पाणी चढेपर्यंत मुलं उन्हात बसली. पंचमीला ओहोटी दहाच्या सुमारास, म्हणून सकाळी पहिल्या फेऱ्यांतच पलीकडे जा. शनिवारी सकाळी आणि रविवारी दुपारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. मंगळवार-बुधवार घ्या.

दिवेआगर ते श्रीवर्धन रस्ता सुंदर आहे, जेवण चांगलं मिळतं. फार सांगण्यासारखं नाही.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा हीच या सहलीतली सर्वांत वाईट आणि सर्वांत शिकवणारी वाट. देवळामागून कड्याच्या चिरेतून पायऱ्या थेट लाटांनी कापलेल्या खडकांवर उतरतात. समुद्रकडा, तरंगघर्षित मंच (लाटांनी घासून सपाट केलेला खडक), मधाच्या पोळ्यासारखा कोरलेला खडक: पुस्तकातली चित्रं इथे पायाखाली येतात. पण बाजूचा खडक कोरडा दिसतो म्हणून सुरक्षित नसतो. मोठी लाट काही मिनिटांनी एकदाच येते आणि कड्याला पाठ लावून उभ्या माणसाला ओढून नेते. माणसं गेली आहेत इथे. ओहोटीच्या आधी तास-दीड तास उतरा, ओहोटीच्या वेळेपर्यंत बाहेर पडा, उलटं करू नका. दहा-दहाचे गट, समुद्राच्या बाजूला शिक्षक, फोटोसाठी थांबणं नाही. ओहोटी साधत नसेल तर वरूनच दाखवा.

'वेळास कासव दर्शन' डिसेंबरच्या सहलीत कोणी विकत असेल तर ते पैसे देऊ नका. तिथल्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्लं मुख्यतः फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत बाहेर येतात.

बस एसटीची घ्या. प्रासंगिक करारावर (म्हणजे अख्खी बस भाड्याने घेऊन) शालेय सहलीला 50 टक्के सवलत मिळते. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, मुलींसोबत शिक्षिका, ही तयारी महिनाभर आधी सुरू करा. मुक्काम-जेवण दुसऱ्याकडे सोपवलं तर वेळापत्रकावर प्रत्येक दिवसाची तिथी आणि ओहोटीची वेळ लिहून सही घ्या, आणि रकमेचा चौथा हिस्सा परत आल्यावरच द्या.