बिदासोआकाठचा सप्टेंबर

दर सप्टेंबरात कॉमेट लाइनच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या एका गुप्त सुटकेच्या वाटेच्या, स्मरणयात्रेसाठी फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या बास्क मुलखात आम्ही जमतो. मी ब्रुसेल्सहून जाते, यंदाचं नववं वर्ष. पुष्पचक्रं, राष्ट्रगीतं, महापौरांचं भाषण नेहमीसारखंच झालं.

माझा जीव गुंततो तो उरुन्य गावच्या बिदेगाइन-बेरी या शेतघरापाशी. विमान पडून बेल्जियम-फ्रान्समध्ये अडकलेल्या वैमानिकांना लपवत-छपवत स्पेनला पोहोचवायची ही वाट १९४१ मध्ये आंद्रे द योंगने सुरू केली. सगळ्यांची देदे, तेव्हा अवघी चोवीस वर्षांची. डोंगरातला वाटाड्या फ्लोरेंतिनो, चोरटा माल नेणारा बास्क गडी. त्याला अंधारातही पायवाटा पाठ. १५ जानेवारी १९४३ ला पावसाने सीमेवरची बिदासोआ नदी फुगलेली, म्हणून देदे तीन वैमानिकांसह याच घरात थांबली आणि पकडली गेली. घरमालकीण फ्रांत्शियाही. देदे नाझींच्या छळछावणीतून जिवंत परतली. फ्रांत्शिया राव्हेन्सब्रुकच्या छावणीतच गेली, तीन लेकरं मागे ठेवून. देदेचे वडील शाळामास्तर होते, त्यांना १९४४ मध्ये गोळ्या घातल्या.

त्या अंगणात कुणा वैमानिकाची नात बोलायला उभी राहते. दरवर्षी वेगळी, पण गोष्ट तीच: आजोबांना जेवू घालणाऱ्या बाईचं खरं नाव त्यांना कधी कळलंच नाही, कारण नाव विचारायचं नाही असाच दंडक होता. मग मदत करणाऱ्यांची नावं एकेक करून वाचली जातात. मला दरवेळी रडू येतं.

यंदा माणसं कमी आली, याचं वाईट वाटलं. ब्रुसेल्समधल्या आपल्या मराठी मंडळींना मी तीनदा कळवलं होतं. आले फक्त एक पुणेकर जोडपं. त्यांनी नात्यागोत्यासारखं सगळं निभावलं.

बाकी कुणाकुणाचे आभार मानू? पहाटे कॉफीचे थर्मास भरणाऱ्या दोघी बहिणी, चढावर माझी पिशवी घेणारा विद्यार्थी, बास्कमधलं बोलणं फ्रेंचमध्ये सांगणाऱ्या बाई, गुडघे दुखणाऱ्यांना गाडीतून नेणारे काका, सूप वाढणारी मुलं. आणि बिदासोआत उतरून गारठलेल्यांसाठी पलीकडच्या काठावर टॉवेल घेऊन उभे राहणारे ते आजोबा. गेल्या वर्षी लिहिताना त्यांचा उल्लेख माझ्याकडून राहून गेला होता.