मधली अक्षरं

"कायले एवढं निरखून पाह्यता जी भाऊ? चांदी वजनावर जाते."

आर्वीजवळच्या एका गावात जुन्या वाड्यातल्या सामानाचा लिलाव होता. हातातलं ताम्हण मी उजेडाकडे तिरपं धरलं. काठ सरळ, जोडायला डाग दिलेला कुठेच नाही. मधोमध कोरलेलं नाव मात्र चिंच-राखेनं घासून घासून गेलेलं. 'स' आणि 'बाई' तेवढं उरलं होतं. सगुणाबाई? सखूबाई?

चांदीचा काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधक मिळून बनलेला पातळ थर, तो निघतो. घासण्यात गेलेलं अक्षर परत येत नाही.

माझी बोली कमी पडली. घेणारा म्हणाला, उद्याच आटवतो.

रात्रभर तो 'स' डोळ्यांसमोर होता. तुमच्या देवघरातल्या ताम्हणावर कोणाचं नाव आहे?