बॅटरी जळत होती

आमच्या सीसीटीव्ही कंट्रोल रूममध्ये, एखाद्या साइटवरचा गार्ड कॅमेऱ्यात झोपलेला दिसला तर काय करायचं, ते लॅमिनेट करून भिंतीवर लावलेलं आहे. स्पीकरवरून दोनदा आवाज द्यायचा. उठला नाही तर त्याच्या सुपरवायझरला फोन करायचा. मग लॉगमध्ये ‘गार्ड झोपलेला’ हा पर्याय निवडून फोटो जोडायचा. सकाळी तो रिपोर्ट कंपनीकडे जातो, कंपनी एजन्सीला पाठवते आणि एजन्सी गार्डची एक दिवसाची हजेरी कापते. मी सहा वर्षं हे काम करते आहे. चाकणच्या एका गोडाउनवरच्या मामांच्या बाबतीत मात्र गेली तीन वर्षं मी हा नियम पाळत नव्हते.

सुरुवातीला पाळला होता. मीच त्यांचा रिपोर्ट केला होता. चारपाच दिवसांनी रात्रीच्या राउंडनंतर ते कॅमेऱ्याखाली येऊन उभे राहिले आणि माइकमध्ये म्हणाले, “ताई, त्या दिशी पोरगी दवाखान्यात होती. दोन राती डोळा लागला नव्हता.” तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगितलं. परभणीकडचा माणूस, पन्नाशी ओलांडलेला, रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची ड्युटी. सुरक्षा रक्षक मंडळाच्या गार्डला १९८१ च्या कायद्याचा थोडा तरी आधार असतो. मामा एजन्सीचे. त्यानंतर पहाटेच्या सुमारास ते खुर्चीत डुलकी घेताना दिसले की मी बाजूच्या चौकटीकडे बघायचे.

बाहेरच्या लोकांना वाटतं, आम्ही रात्रभर कॅमेऱ्याकडे टक लावून बसतो. माझ्यासमोर चार मॉनिटर आहेत, प्रत्येकावर सोळा चौकटी. चौसष्ट चित्रांकडे टक लावून कोणीच बसू शकत नाही. हालचाल पकडायचं काम सॉफ्टवेअर करतं आणि त्याने अलर्ट दिला की आम्ही ती चौकट मोठी करतो. चौकटीत दिसतं ती सबस्ट्रीम, म्हणजे हलकं, कमी तपशिलाचं चित्र असतं, ६४० बाय ३६० पिक्सेलचं, सेकंदाला सहा फ्रेम. खरं चित्र, म्हणजे ४ मेगापिक्सेलची मेनस्ट्रीम, आपण उघडल्याशिवाय साइटवरून निघतच नाही, कारण साइटचं इंटरनेट तेवढं ओझं सोसत नाही.

त्या रात्री चाकणला पाऊस होता. रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर चालतो. लेन्सभोवतीचे एलईडी ८५० नॅनोमीटरचे असतात, म्हणून अंधारात त्यांचा मंद लाल ठिपका माणसालाही दिसतो. पावसाचा थेंब लेन्सजवळून गेला की त्या प्रकाशात पांढरी रेघ उमटते. पाखरू उडालं तर कबुतराएवढं दिसतं. आणि कोळी! कॅमेऱ्याच्या उबेला तो नेमका लेन्ससमोर जाळं विणतो, वाऱ्यावर ते हललं की पडद्यावर दोरखंड हलल्यासारखं वाटतं, आणि सॉफ्टवेअर ओरडतं. यावरचा उपाय साधा आहे. इन्फ्रारेडचा दिवा कॅमेऱ्यापासून दोनतीन फूट लांब, वेगळा लावायचा; कोळी, पाखरं तिकडे जातात. हे मी त्या साइटसाठी तीनदा लिहून दिलं होतं. एएमसीवाला, म्हणजे देखभालीच्या वार्षिक करारावरचा माणूस यायचा, झाडूने जाळं काढायचा, सही घेऊन जायचा. पंधरा दिवसांत कोळी परत हजर. त्या रात्री दीड ते तीन या वेळात मी जे अलर्ट बंद केले, ते जवळजवळ सगळे पाऊस, पाखरं आणि जाळ्यांचे होते.

मामांच्या केबिनवरच्या कॅमेऱ्याचा अलर्ट त्यात एकही नव्हता आणि येणारही नव्हता. तीन महिन्यांपूर्वी मीच सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या खुर्चीभोवती मास्क आखला होता. मामा उठले तरी अलर्ट, पाणी प्यायले तरी अलर्ट, नुसता वैताग. मास्क म्हणजे त्या जागेकडे बघू नकोस असं यंत्राला सांगणं. मास्क नसता तरी फरक पडला नसता, असं मला त्या रात्रीनंतर वाटत होतं. हालचाल ओळखणारं सॉफ्टवेअर स्थिर चित्राला पार्श्वभूमी समजतं. माणूस काही मिनिटं हललाच नाही, तर तो भिंतीसारखा, खुर्चीसारखा पार्श्वभूमीत जिरून जातो. हे मला माहीत होतं. नव्या मुलांना ट्रेनिंगमध्ये हे मीच शिकवते.

दोन वीसच्या सुमारास माझी नजर त्या चौकटीवरून गेली. मामा खुर्चीत एका अंगाला कलले होते. मनात आलं, लागला डोळा, लागू दे. पुढच्या अलर्टकडे वळले.

त्यानंतर ती चौकट मी निदान दोनदा पाहिली असेल. तिथे खाली उजवीकडे एक पांढरा डाग होता. लेन्सवर थेंब बसला असेल असं वाटलं. दोन बावन्नला पाऊस थांबला, बाकीच्या चौकटींवरचे थेंब ओघळून गेले, आणि हा डाग तसाच राहिला. म्हणून मेनस्ट्रीम उघडली. मामांची बॅटरी, म्हणजे हातातला टॉर्च, जमिनीवर पडलेली होती आणि जळत होती. त्यांची ती जुनी, सेलची, स्टीलची बॅटरी. राउंडवरून आले की आधी ती बंद करून मांडीवर ठेवायची, मगच बसायचं, हे मी तीन वर्षं पाहत आले होते. सेल स्वतःच्या पैशाने आणावे लागतात. जळती बॅटरी जमिनीवर सोडून मामा झोपणार नाहीत.

स्पीकर उघडून म्हटलं, “मामा. मामा, ऐकू येतंय का?” डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून थोडा उचलला गेला आणि पडला. उजवा तसाच लोंबत होता.

मी १०८ ला फोन लावला आणि शेजारच्या सहकाऱ्याला प्लेबॅक मागे घ्यायला सांगितलं. अॅम्ब्युलन्स निघाली, पण गेट आतून बंद, किल्ल्या मामांच्या खिशात. सुपरवायझर म्हणाला, तळेगावच्या बाजूला आहे, अर्धा तास लागेल. शेजारच्या प्लॉटवरची कंपनीही आमच्याकडेच आहे, हे तेवढ्यात सुचलं. तिच्या गेटवरचा स्पीकर उघडला आणि तिथल्या बिहारी गार्डला हाक मारली, “भैया, बगल वाले चाचा गिर गये हैं, दीवार से अंदर जाओ, चाबी उनकी जेब में है.” तो मुलगा एक शब्द न विचारता पळाला. पडद्यावर त्याला भिंतीवर चढताना पाहिलं आणि त्याच क्षणी आमच्या खोलीत सायरन वाजला. भिंतीवर लाइन क्रॉसिंगचा नियम लावलेला आहे, म्हणजे ती रेघ कोणी ओलांडली की सायरन; यंत्राने लाल चौकोनात त्याचा चेहरा पकडून ‘घुसखोरी’ असं दाखवलं. मामा पडून राहिले तेवढा वेळ गप्प बसलेली यंत्रणा, त्यांना वाचवायला आलेल्या माणसावर मात्र जिवाच्या आकांताने ओरडत होती. तो आवाज अजून कानात आहे.

पहाटे सव्वाचारला सुपरवायझरचा फोन आला. तो दवाखान्यात होता आणि शेजारी डॉक्टरीणबाई होत्या. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होती. ती विरघळवायचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि झटका कधी आला हे कोणी पाहिलेलं नसेल, तर पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, तिथून हा वेळ मोजतात. सुपरवायझरने सांगून टाकलं होतं, पावणेबारा. त्याने मामांना त्या वेळेला पाहिलं होतं, राउंडला आला तेव्हा. दोनचा राउंड त्याने मारलाच नव्हता. पावणेबारापासून साडेचार तास म्हणजे सव्वाचार, आणि सव्वाचार तर तेव्हा वाजलेच होते. त्याला वेळेचं महत्त्व माहीत नव्हतं हे मी मान्य करते. पण त्याने आधी मला एक फोन करायला हवा होता.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, रेकॉर्डिंगमध्ये दोन वाजून आठ मिनिटांनी बॅटरी हातातून पडते आणि ते उजवीकडे कलतात.

“त्याच्या आधी ते नीट होते हे कशावरून?”

“दोन सहाला तंबाखू मळतायत. डाव्या तळव्यावर, उजव्या अंगठ्याने. मग टाळी मारून चुना झटकला.”

“दोन्ही हात चालत होते?”

“हो. हा कॅमेरा खुर्चीपासून साडेतीन मीटरवर आहे, बोटं मोजता येतात.”

हे मी ठामपणे सांगू शकले याचा मला अभिमान आहे. गिऱ्हाइकं ३० मीटर लांबच्या गेटवर एक कॅमेरा लावून चेहरा मागतात. चेहरा खात्रीने ओळखायला मीटरला २५० पिक्सेल लागतात आणि २.८ मिलिमीटरच्या लेन्सने ते चारेक मीटरपर्यंतच मिळतात, हे पन्नासदा समजावलं तरी कोटेशन स्वस्तातलंच पास होतं. हा केबिनचा कॅमेरा मी भांडून जवळ लावून घेतला होता.

मग त्यांनी विचारलं, तुमचं घड्याळ बरोबर आहे का? बरोबर नव्हतं. तिथला रेकॉर्डर सहा मिनिटं मागे चालतो. नेटवरून वेळ जुळवून घ्यायची सोय त्यात आहे, पण कंपनीच्या आयटीवाल्यांनी फायरवॉलमध्ये तो पोर्टच बंद केला आहे. मी शिफ्ट सुरू करताना प्रत्येक साइटचं घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून वहीत लिहिते. बाकीचे यावरून माझी थट्टा करतात. वही उघडून सांगितलं, सहा मिनिटं मिळवा, म्हणजे दोन चौदा. त्या “दोन चौदा” असं म्हणाल्या आणि फोन ठेवला. पाचच्या आत इंजेक्शन दिलं गेलं.

मामा वाचले. उजवा पाय चालतो, हात अजून नीट उचलत नाही, बोलणं जड झालं आहे. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मालकांनी सर्वांसमोर नाव घेतलं.

दोन चौदा ते दोन बावन्न. अडतीस मिनिटं. माझ्या शिफ्टमध्ये एक सहकारी आहे, फार कडक. गार्डची मान जरा कलली की तो स्पीकरवर खेकसतो आणि रिपोर्ट टाकून मोकळा होतो. त्याच्यामुळे कित्येकांच्या हजेऱ्या कापल्या गेल्या आहेत, आणि मी त्याच्याशी यावरून दोनदा तोंडावर भांडले आहे. ती साइट त्या रात्री त्याच्याकडे असती, तर दोन वीसलाच मामांना आवाज गेला असता. ते उठले नाहीत हे तेव्हाच कळलं असतं. अर्धा तास वाचला असता. डॉक्टरीणबाईंना मी नंतर विचारलं, त्या अर्ध्या तासाने हातात फरक पडला असता का? त्या म्हणाल्या, लवकर केव्हाही चांगलं, पण एकेका माणसाचं असं सांगता येत नाही. मी तरीही त्या सहकाऱ्यासारखं व्हायला तयार नाही. झोपलेल्या माणसाला ‘बरे आहात ना’ एवढं विचारायचं आणि त्याचा रिपोर्ट होऊ नये, अशी जागा त्या लॅमिनेट केलेल्या कागदावर कुठेच नाही. लॉगच्या यादीत ‘प्रकृती’ हा पर्याय घाला म्हणून मी लेखी मागितलं आहे.

पुढच्या आठवड्यात मामांच्या मुलाने भरपाईसाठी अर्ज केला आणि वकिलाने फुटेज मागितलं. रेकॉर्डर ३० दिवसांनी जुनं पुसून नवं लिहितो, म्हणून मी लगेच काढायला बसले. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पुरावा म्हणून दिलेल्या व्हिडिओला प्रमाणपत्र लागतंच असं सांगितलं, तेव्हापासून आमच्याकडे सगळे सावध आहेत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावं लागतं. त्याचे दोन भाग असतात आणि फाइलची हॅशही, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा खुणेचा आकडाही, लिहावी लागते; नंतर एक फ्रेम जरी बदलली तरी हॅश जुळत नाही. आयटीवाले म्हणाले, घड्याळाचं लिहू नका. मी लिहिलं, सहा मिनिटं मागे.

सही करण्याआधी ते अख्खं फुटेज पाहावं लागलं, मेनस्ट्रीमवर, पंचवीस फ्रेमने. त्या रात्री आम्ही बॅटरी पडण्यापर्यंतच मागे गेलो होतो. पुढचं कोणी पाहिलं नव्हतं. मामा बेशुद्ध नव्हते. मान कललेली, पण डोळे उघडे, सरळ कॅमेऱ्याकडे. डावा हात खांद्याच्या वर जातो, हलतो, खाली येतो. दोन एकवीसला, मग पंचविसाला, एकतीसला, बेचाळीसला. चौकटीत सेकंदाला सहा फ्रेमने ते मला कसं दिसलं असतं, दिसलं असतं की नाही, हे मी सबस्ट्रीम लावून नंतर तपासलं. दिसतं. बारीक, पण दिसतं.

मागच्या महिन्यात त्यांना गावी फोन केला. मुलाने फोन त्यांच्या कानाला लावून धरला. एकेक शब्द जोडत त्यांनी आधी विचारलं, “ताई, झोपल्याचा रिपोर्ट... गेला का?” म्हटलं, नाही मामा, कोणी पाठवला नाही.

मग बराच वेळ श्वासच ऐकू येत होता.

“लाल लाइट दिसत व्हता,” ते म्हणाले. “म्हनलं, ताई हायेत. हात केला मी.”

“हो मामा,” मी म्हटलं. “केला होता तुम्ही.”