मणक्यातला गॅप भरतो का?

मणक्यांमधल्या गादीची ताकद आणि तिला येणारी सूज यांचा संबंध काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी बायोकेमिस्ट्री शिकवते हे एकदा कळलं की लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतो : "मणक्यात गॅप आलाय, काय खाल्लं म्हणजे भरेल?"

मुळात गॅप आलेला नसतो, गेलेला असतो. दोन मणक्यांमधलं अंतर म्हणजे गादीचीच जागा. गादी सुकली की ते अंतर घटतं. डॉक्टर म्हणतात "गॅप कमी झालाय", आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं "कमी" गळून पडतं.

गादी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कापूस येतो, पण हिच्या आत असतो पाणीदार गर. तरुणपणी त्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते धरून ठेवतं ॲग्रेकन नावाचं प्रथिन. बाटली धुवायच्या ब्रशसारखं दिसतं ते, आणि त्याच्या प्रत्येक केसावर ऋण विद्युतभार. त्या भारामुळे क्षार ओढले जातात, क्षारांमागून पाणी. गराभोवती कोलॅजन या चिवट प्रथिनाचं कडं असतं, १५ ते २५ थरांचं. एका थराचे धागे एका बाजूला तिरके, पुढच्याचे उलट बाजूला, बाजेच्या विणीसारखे. गर फुगू पाहतो, कडं त्याला आवळून धरतं, आणि या रस्सीखेचीवर आपण उभे असतो. १९९९ साली जर्मनीतल्या उल्ममध्ये एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या गादीत सेन्सर घालून दाब मोजला होता. पाठ वाकवून २० किलो उचलताना तो २.३ मेगापास्कल भरला. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण दहापट!

मग सूज कशी येते? लोक ताकद जाणं आणि सूज येणं हे दोन वेगळे आजार समजतात. मला वाटतं, सगळा घोळ इथेच आहे. फायब्रोनेक्टिन हे गादीतलंच एक प्रथिन घ्या. अखंड असतं तेव्हा ते पेशींना आधार देतं. तुटलं की त्याचेच तुकडे पेशींना धोक्याची घंटा वाटतात. पेशी घाबरून इंटरल्युकिन-१, टीएनएफ असे दाहाचे, म्हणजेच सुजेचे, निरोप सोडतात आणि सोबत कात्र्याही, म्हणजे प्रथिनं कापणारी विकरं. त्या कात्र्या ॲग्रेकन कापतात, त्याचे नवे तुकडे पडतात, पुन्हा घंटा. ॲग्रेकन गेलं की पाणी जातं, वजन कड्यावर पडतं, कडं चिरतं. शिवाय ॲग्रेकन वेदनेच्या नसांनाही आत फिरकू देत नाही. पहारा उठला की त्या आत शिरतात, आणि आजवर मुकी असलेली गादी दुखायला लागते.

कोलॅजन पावडर? पोटात गेली की तिचे तुकडे होतात, कुठल्याही डाळीसारखे. ते थेट गादीत जाऊन बसत नाहीत. गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्याच नाहीत. जे पोचतं ते मणक्याच्या कडेनं झिरपत, तेही तुम्ही हलता-डुलता राहिलात तर जरा बरं.

सूज म्हणजे नुसती वैरीणही नव्हे. गर कड्याबाहेर आला की तिच्याच हाकेनं भक्षक पेशी येतात आणि तो खाऊ लागतात. बाहेर आलेले मोठे तुकडेसुद्धा पुष्कळदा काही महिन्यांत आपसूक आटतात. माझ्याही एमआरआयमध्ये एक गादी फुगलेली निघाली होती. मी नुसती थांबले आणि चालत राहिले.

हे सगळं परवा शेजारच्या काकूंना सांगताना एक जुनी गोष्ट निघाली. पपईच्या चिकातलं कायमोपपेन हे विकर सुईनं गादीत सोडून गर विरघळवायचा उपचार १९६०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला होता. मटण शिजायला कच्ची पपई लावतो ना, त्यातलाच प्रकार. काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, आणि पुढे तो मागे पडला.

काकू गंभीर झाल्या. "म्हणजे मी पपई बंद करू?"

"खा हो काकू. तोंडानंच खाताय ना?"